थांबतो की थांबते

"ओ पावणं, माझ्या बाईचं काय केलं तुम्ही?"

राजारामपुरीतल्या त्या डीटीपीच्या दुकानात सगळ्यांच्या माना वळल्या. सम्मेद तर खुर्चीतून पडायचाच बाकी राहिला. पुण्यात चार वर्षं प्रुफं तपासून महिन्यापूर्वी गावी परतलेला आणि आता इथं तेच काम करणारा हा सरळमार्गी मुलगा, कुणाच्या बाईचं काय करणार!

समोर उभी होती शिरोळची ऐश्वर्या. स्पॅनिशमध्ये लिहिणाऱ्या आजच्या लेखिकांवर ती पीएच.डी. करत होती. त्यांतल्या एकीची कथा तिनं प्रबंधासाठी मराठीत आणली होती, आणि त्याच कथेचा गठ्ठा आता तिनं टेबलावर आपटला.

"माझ्या सगळ्या 'थांबतो'चं 'थांबते' केलाय की!"

"पण... बाईच आहे ना ती?" सम्मेद चाचरला.

"बाईच हाय! पण शेवटच्या ओळीपर्यंत ते कळायचं न्हाय. स्टेशनवर कुणीतरी थांबलंय, एवढंच. वाचणारा आपला बाप्या धरून चालतो, नि शेवटी तोंडावर आपटतो. स्पॅनिशमध्ये दोघांना एकच शब्द. मराठीत पहिल्याच ओळीत बिंग फुटतंय. आमचे गाईड सर म्हणाले, जमत नसंल तर कथाच गाळा."

"मग?"

"मग काय! आईचा फोन आला, 'मी जेवतो, मग बोलतो.' आमच्यात बायका अशाच बोलत्यात की! आता बाई का बाप्या, ओळखा!"

सम्मेदची आईसुद्धा 'मी येतो रे' म्हणूनच देवळात जायची. पुण्याच्या मित्रांसमोर त्यानं तिला टोकलं होतं, ते आठवून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"प्रबंध कधी द्यायचाय?"

"परवा."

"बसा. तुम्ही वाचा, मी एकेक परत करतो."

दोन दिवस ती वाचत होती आणि तो 'ते'चा 'तो' करत होता. मध्ये चहा यायचा, मध्ये भांडण. "मी थांबतो," ती वाचायची, आणि सम्मेदचा हात उगाच अडखळायचा. ते वाक्य कथेतलं होतं, त्याच्यासाठी नव्हतं... पण मनाला कोण समजावणार?

"अहो शुद्धलेखन! लक्ष कुठाय?"

"इथंच," तो म्हणायचा. खरंच तिथंच असायचं.

शेवटचं पान आलं. आज हे संपलं की ती या दुकानाची पायरी कशाला चढेल? तोंडानं बोलायचं धाडस नव्हतं. त्यानं समासात पेन्सिलीनं, अगदी बारीक, लिहिलं आणि पान पुढं सरकवलं.

*मी उद्याही थांबतो.*

ऐश्वर्यानं वाचलं. परत वाचलं. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"ह्ये... कथेत न्हाय."

"नाही."

"मग कोण थांबतंय? बाई का बाप्या?"

"ओळखा."

तिनं त्याच्यासमोरचं लाल पेन ओढून घेतलं, त्याच ओळीखाली काहीतरी खरडलं आणि मान वळवून खिडकीबाहेरच्या रिक्षा बघत बसली. कान मात्र लालेलाल झाले होते.

*मी बी थांबतो.*

"चूक असंल तर दुरुस्त करा," ती तिकडंच बघत म्हणाली.

सम्मेदनं पेन परत घेतलं. त्याचं टोपण लावलं. आणि चार वर्षांत पुण्यात एकदाही न बोललेला त्याचा घरचा शब्द आपसूक तोंडात आला.

"चूक न्हाय की."