गोरख अजून गोलात होता

खोटं वाटत असेल तर सारोळ्याच्या पुलाअलीकडं या. आमच्या गावात कुणालाही विचारा. लोक विषय बदलतील. तेवढ्यावरून समजा.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. वेळ दिवेलागणीची. जागा... नीरेकाठचं आमचं फुटबॉलचं मैदान.

मैदान कसलं! आता तिथं प्लॉटिंग आहे. तारेचं कुंपण आणि मोठा बोर्ड. पण हितं आमचा 'नीराकाठ क्लब' होता. शिवऱ्यापासून भोरपर्यंत आम्हाला कुणी हलकं धरत नव्हतं.

क्लबात एक नियम कडक होता. कप्तान "सुटलं!" म्हणेपर्यंत गोलकीपरनं खांबांमधून हलायचं नाही.

गोलकीपर गोरख. माझा चुलतभाऊ.

त्याच्या काही वर्षं आधी, एका परतीच्या पावसात, सराव चालू असताना वीज कडाडली. सगळे पळाले. कप्तान धनाजीही पळाला.

"सुटलं" म्हणायचं राहिलं...

गोरख हलला नाही. वीज अंगावर पडून तिथंच गेला.

मग क्लबही गेला. पुढारी मयताला हार घेऊन आले आणि वर्षाच्या आत मैदान विकून मोकळे झाले. मी हे लिहिणार. कुणाला काय करायचं ते करा.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला कुंपणामागून आवाज यायचा...

धप्प.

लाथ मारल्याचा नव्हे. बॉल झेलल्याचा.

गोरखची आई, माझी चुलती सरूबाई, दारात बसून तो ऐकायची. त्या दिवशी तिनं धनाजीला रस्त्यात गाठलं.

"धन्या, सोड की रं त्याला. पाय दुखत असत्याल त्याचं."

"काकी, माझी जीभ उचलत न्हाई."

"पळताना पाय बरं उचललं!"

धनाजी मान खाली घालून मैदानाकडं निघाला. मागं चुलती आणि मी.

धप्प...

त्यानं तार घट्ट धरली. "गोरख! सुटलं रे!"

आवाज थांबला.

मग वाळक्या गवतावर पावलं... आमच्या अगदी जवळून गेली. दिसलं कुणीच नाही. भिजल्या मातीचा वास तेवढा आला. पाऊस संपून महिना झाला होता.

पावलं घराकडं वळली. चुलती मागोमाग पळाली. दारात तिनं पाय धुवायला ऊन पाणी आधीच ठेवलं होतं.

पावलं उंबऱ्यापाशी थांबली...

बराच वेळ.

चुलती तोंडाला पदर लावून उभी. शब्द फुटेना.

मग पावलं मागं फिरली. नदीच्या दिशेनं गेली... आणि विरली.

चुलती मटकन खाली बसली.

"आत ये म्हणलंच न्हाई रं म्या! सांगितल्याबिगर न्हाई हलत माझं लेकरू... आन् म्या गप ऱ्हायले!"

बादलीतलं पाणी गढूळ झालं होतं. ते कसं, मला आजही सांगता येत नाही.

आता मैदानातून आवाज येत नाही. चुलती मात्र रोज दार सताड उघडून नदीकडं तोंड करते. "ये रं, गोरख. आत ये."

आमचं घर भिंतीला भिंत लागून. मी मोबाईलवर गाणी मोठी लावतो.

तरी ऐकू येतं.