उणे अठरामधली गोलकीपर

प्रेम हा मानवजातीला लाभलेला सर्वांत प्राचीन अग्नी आहे. त्याने राज्यं जाळली, घराणी उजळली आणि दगडांना पाझर फोडले. आल्हाद जोगळेकरला मात्र तो उणे अठरा अंशांत, फ्रोझन मटाराच्या खोक्यांआड लागला, आणि त्या वेळी नाकाचा शेंडा बधिर झालेला असल्यामुळे बराच वेळ त्याच्या काही लक्षातच आलं नाही.

पडघ्याच्या अलीकडे नाशिक हायवेला लागून गोदामांची जी रांग आहे, तिच्यातल्या एका शीतगृहात आल्हाद शिफ्ट सुपरवायझर होता. भिवंडीच्या जुन्या वस्तीतलं त्याचं घर. वडील श्रीनाथ शाळेत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आई सरोजिनी अजून शिकवत असलेली. एम.एस्सी. करून मुलगा आता आइस्क्रीमची राखण करतो, हे श्रीनाथराव पाहुण्यांना ‘कोल्ड चेनमध्ये आहे’ असं सांगत.

मे महिन्यातली दुपार होती. बाहेर डांबर इतकं मऊ झालेलं, की चप्पल उचलताना चुळुक आवाज यायचा. आल्हाद जाड जॅकेट चढवून तीन नंबरच्या चेंबरमध्ये शिरला, आणि पांढऱ्या वाफेत त्याला एक आकृती दिसली. खोक्यांच्या दोन भिंतींमध्ये, गुडघे वाकवून उभी. पायांना उशांएवढाली पॅड, तोंडावर जाळीचा मुखवटा, हातात फावड्यासारखी रुंद काठी. सुरक्षा प्रशिक्षणात आल्हादने आग, गॅसगळती आणि उंदीर हे तीन विषय केले होते. हा चौथा अभ्यासक्रमात नव्हता.

“कोण आहे?”

“गोलकीपर.” आवाज मुलीचा होता.

“कसली?”

“आइस हॉकीची.”

आल्हादने उगाच मागे वळून पाहिलं. “इथे... मॅच आहे?”

“मॅच लडाखला. इथं मी थंडी खातेय. ते दार लावा ना, गार हवा चाललीय सगळी बाहेर.”

गेली चार वर्षं हेच वाक्य तो हमालांना ऐकवत आला होता. त्याने मुकाट्याने दार लावलं, आणि मग त्याला आपल्या हुद्द्याची आठवण झाली.

“परवानगीशिवाय आत येता येत नाही.”

“कोणाची लागते?”

“माझी.”

“मग द्या.”

तिने मुखवटा वर केला. पापण्यांवर हिमाचे बारीक कण बसले होते, ओठ निळे पडलेले, आणि त्या निळ्या ओठांनी ती हसत होती. आल्हाद बघतच राहिला.

“काय झालं?”

“ओठ निळे पडलेत तुमचे.”

“हो ना,” ती अभिमानाने म्हणाली. “मागच्या थंडीत एवढ्या वेळात काळे पडायचे.”

चौकशीअंती उघड झालं ते असं. मुलीचं नाव मृणाली भोईर. तिला आत सोडणारा फोर्कलिफ्टवाला हिरामण तिचा चुलतभाऊ. आणि ज्या जमिनीवर हे शीतगृह उभं होतं, तिचे मालक काळूराम भोईर हे तिचे वडील. तेव्हा घुसखोर नेमकं कोण, हा प्रश्न आल्हादने पुढे ताणला नाही.

काळूरामशेठच्या भाताच्या खाचरांवर गोदामं उभी राहिली, तेव्हा भाडेकरू येण्याआधीच्या त्या गुळगुळीत, रिकाम्या फरशीवर मृणाली आणि तिचा भाऊ मनोज चाकांचे स्केट्स घालून धावायचे. मनोज लवकरच मोटरसायकलवर गेला. मृणाली चाकांवरची हॉकी खेळत जिल्ह्यातून राज्यात पोचली, तिथून कुणाच्या तरी नजरेत भरली आणि गेल्या हिवाळ्यात बर्फावरच्या शिबिराला लेहला गेली. आयुष्यात पहिल्यांदा खरा बर्फ पायाखाली आला. प्रशिक्षकांनी शेवटच्या दिवशी सांगितलं, पाय चांगले आहेत, नजर त्याहून चांगली. पण थंडीत तू गोठतेस. गोलावर येणारी चकती दिसते आणि हात हलत नाही. येत्या डिसेंबरात भारतीय संघाची निवड. गोलकीपरच्या जागा तीन. त्यातल्या दोन, बर्फावरच चालायला शिकलेल्या लडाखी मुलींच्या जवळपास ठरलेल्या. राहिली एक.

“ती मला पायजे,” मृणालीने सांगितलं.

आल्हादने अटी घातल्या. आत जॅकेट हवं, वेळ मर्यादित, आणि सुरक्षेच्या दृष्टीने सोबत एक जबाबदार कर्मचारी. जबाबदार कर्मचाऱ्यांची त्याने मनातल्या मनात छाननी केली. एकच नाव निघालं.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत ती गुडघे वाकवून उभी राहायची, आणि आल्हाद तिच्या अंगावर फ्रोझन मटाराची पाकिटं फेकायचा. डावीकडे, उजवीकडे, डोक्यावरून. ती सगळी झेलायची. श्वासांच्या दोन वाफा मध्येच कुठेतरी एकत्र व्हायच्या... आणि दोघंही ते न पाहिल्यासारखं करायचे. पावसाळा संपेपर्यंत तिचे ओठ निळे पडायचे थांबले. आल्हादचे कान मात्र तिने नुसतं नाव घेतलं तरी लाल व्हायचे. उणे अठरात हे वैद्यकीयदृष्ट्या कठीण आहे.

इकडे काळूरामशेठ पडघ्याच्या बाजारात भेटेल त्याला सांगत सुटले होते, की माजी पोर इंडियाला खेलणार. खेळ काय असतो हे त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं, पण बर्फ ठाऊक होता. खाडीवरच्या माणसाला बर्फ शिकवावा लागत नाही. बर्फ म्हणजे लादी, ती कारखान्यातून येते, तिच्यावर मासळी टिकते. तेव्हा पोरीला सरावाला बर्फ पाहिजे, तर त्यात काय मोठं? त्यांनी एक रिकामं गोदाम निवडलं, ट्रकभर लाद्या मागवायचं ठरवलं, आणि फरशी बसवणाऱ्या गोदूला बोलावून सांगितलं, की दोरी लावून लेव्हलमध्ये बसव.

फक्त एका शंकेपायी ते स्वतः शीतगृहात आले. आल्हादला त्यांनी आजवर ‘ओ’ याखेरीज हाक मारलेली नव्हती. त्या दिवशी टोपी सारखी करत ते म्हणाले, “सायेब, तुमी थंडीतलं शिकलेलं. टिकंल ना बरफ?”

ऑक्टोबरात, पत्र्याच्या छपराखाली मांडलेल्या लाद्यांचं काय होतं, हे आल्हादला डिग्रीसकट ठाऊक होतं. पण समोर मृणालीचे वडील उभे होते, आणि त्यांनी त्याला साहेब म्हटलं होतं.

“टिकेल,” तो म्हणाला. “म्हणजे... बहुतेक.”

काळूरामशेठनी पहिला शब्द घेतला आणि दुसरा तिथेच ठेवून ते गेले.

उद्घाटनाला सगळं गाव जमलं. सीताबाईंनी, म्हणजे मृणालीच्या आईने, लेकीला ओवाळलं. नारळ लादीवर फोडायला गेले, तर नारळ शाबूत राहिला आणि लादीचा टवका उडाला. गोदूने काम मात्र देखणं केलं होतं. स्वयंपाकघरात शोभावी अशी बर्फाची फरशी, दोन लाद्यांमध्ये नीट सांधा. मृणाली स्केट्स घालून उतरली, एक सुरेख वळण घेतलं, आणि पातं त्या नीट सांध्यात अडकलं. ती पडली. गुडघा पिरगळला. तोवर सगळ्या मैदानाने पाझरायला घेतलं होतं आणि दाराखालून निघालेला ओघळ शेजारच्या भाडेकरूच्या कापडाच्या गाठींकडे शांतपणे चालला होता. गाव तिकडे धावलं.

ओल्या फरशीवर गुडघा धरून बसलेल्या मृणालीने वर पाहिलं. वडिलांकडे नाही, आल्हादकडे.

“तुम्हाला ठाऊक होतं.”

“हो.”

“मग बोललात का न्हाय?”

“तुमच्या बाबांनी पहिल्यांदाच मला साहेब म्हटलं होतं.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते दुखण्याचं नव्हतं. “गोड बोलणारे मला घरात लई हायेत,” ती म्हणाली. “मला समोरून गोल मारणारा पायजे.”

आणि हिरामणच्या खांद्याचा आधार घेऊन ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही. मटाराची पाकिटं आपापल्या जागी पडून राहिली. शीतगृहाच्या दृष्टीने ही सुधारणा होती, पण आल्हादला चेंबर पहिल्यांदाच थंड वाटलं.

शेवटी तो भोईरांच्या ओटीवर गेला, दिलेल्या खुर्चीवर बसला नाही, आणि काळूरामशेठना सरळ सांगितलं, की बर्फ टिकणार नव्हता, मला माहीत होतं, मी खोटं बोललो. काळूरामशेठनी टोपी काढून मांडीवर ठेवली. इतक्या वर्षांत कुठल्याही भाडेकरूच्या माणसाने त्यांच्या ओटीवर येऊन खोटं कबूल केलं नव्हतं. मग आल्हादने पुढचं मांडलं. दिवाळीत तीन नंबरचा चेंबर दुरुस्तीआधी रिकामा होणार आहे. कंपनीने थोडे दिवस दिले, तर मी त्यात बर्फ करतो. लादीचा नाही. जमिनीचा.

काळूरामशेठनी कंपनीच्या मोठ्या साहेबाला फोन लावला. ते काय बोलले हे कळलं नाही, पण जमिनीचा मालक इतक्या प्रेमाने बोलू लागला की भाडेकरू घाबरतो. परवानगी आली.

दिवाळीची सुट्टी आल्हादने पाइप आणि वायपर घेऊन काढली. पाण्याचा पातळ थर, तो गोठला की दुसरा, त्यावर तिसरा. घरचा चिवडा आईने डब्यात भरून पाठवला, तो त्याने गोठलेला खाल्ला. अखेर चेंबरभर एकसंध बर्फ झाला, दिव्याखाली काचेसारखा. सांधा कुठेच नाही.

मृणाली आली. गुडघ्याला पट्टा होता. वाकून तिने बर्फावरून तळवा फिरवला, एकदा, दोनदा. मग मुखवटा ओढून जागेवर उभी राहिली आणि काठीने बर्फावर टकटक केलं.

“मारा.”

आल्हादने रबरी बुटांना सुतळी गुंडाळली होती. हातात स्टिक, पुढ्यात काळी चकती. तिला पक म्हणतात, हे तो आता रुबाबात सांगायचा. पहिले काही दिवस पक भिंतींना लागला. मग दाराला. मग कुठे मृणालीच्या दिशेने जाऊ लागला. आणि एक दिवस आल्हाद घसरून पडला, पडता पडता स्टिक फिरली, आणि पक तिच्या पॅडखालून आत गेला.

“सॉरी,” तो बसल्या जागेवरून म्हणाला.

तिने मुखवटा वर केला. पूर्वीसारखी हसली. “सॉरी काय? परत मार. तसाच.”

ती त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे करत होती. आल्हादला उठून उभं राहायला जरा वेळ लागला.

“मृणाली, मला एक सांगायचंय...”

“सांग. पुढचा गोल मारलास की.”

त्यानंतर त्याला एकही गोल मारता आला नाही. तो सुधारत होता, पण ती त्याच्यापेक्षा जास्त सुधारत होती. तिने अडवलेला प्रत्येक पक पाहून त्याचा ऊर भरून यायचा आणि मनातलं वाक्य आणखी एक दिवस मागे पडायचं. आपलं प्रेम असं डोळ्यांदेखत अडवलं जात असताना टाळ्या वाजवणारा भिवंडी तालुक्यातला तो बहुधा एकमेव इसम असावा. डिसेंबर आला. ती गेली. वाक्य राहिलं.

नंतर लेहहून फोन आला तेव्हा तो चेंबरच्या दाराशी होता. पलीकडून आधी नुसता वारा, मग धापा, मग...

“तिसरी जागा माझी.”

आल्हाद आइस्क्रीमच्या खोक्यावर बसला. ते खोकं आतल्या कांड्यांसकट दबलं, त्याची भरपाई त्याने हसत केली.

परदेशातल्या स्पर्धेसाठी काळूरामशेठनी गोदामात मोठा पडदा लावला. पहिले दोन सामने मृणाली बाकावर बसून होती. तिच्या नुसत्या बसण्यालाही गावाने टाळ्या वाजवल्या. तिसऱ्यात तिला उतरवलं. सीताबाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या, आपली कोणती? तोंड झाकलेली, असं त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं जात होतं. शेवटच्या मिनिटांत भारत एका गोलने पुढे होता, आणि समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. मोकळ्या बर्फावरून एकटी खेळाडू वेगाने येणार, पुढ्यात एकटी मृणाली. गोदामात पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. ती मुलगी डावीकडे झुकली, उजवीकडे वळली... मृणाली जागची हलली नाही. आणि मग हलली ती एवढीच, की डावा पाय आडवा पसरला, आणि पक पॅडवर थडकला.

“गोठली न्हाय,” सीताबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून रडल्या. काळूरामशेठनी शेजारी उभ्या असलेल्याला मिठी मारली. तो आल्हाद निघाला. मिठी त्यांनी तरीही सोडली नाही.

परतल्यावर पडघ्यापासून तिची उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. पुढे बँजो पार्टी, मागे अडकलेले कंटेनर, आणि कधी नव्हे ते एकही ड्रायव्हर हॉर्न वाजवत नव्हता. आल्हाद आईवडिलांसह गर्दीच्या कडेला उभा होता. गळ्यातले हार सावरत मृणाली जीपमधून उतरली, आमदारांसाठी मांडलेल्या व्यासपीठाला वळसा घालून नीट त्याच्यापुढे येऊन थांबली.

“बोल. काय सांगायचं होतं?”

“पण गोल कुठे झाला माझा...”

“तिकडच्या पोरींचा झाला न्हाय, तुझा काय होणार. बोल.”

बँजो नेमका तेव्हाच थांबला.

“मला तू हवी आहेस,” आल्हाद म्हणाला. “इथे असतेस तेव्हा. आणि नसतेस तेव्हा... जास्तच. तू खेळत राहा. चेंबर मी गार ठेवतो.”

आता एकट्या आल्हादचेच कान लाल नव्हते. मृणालीने खाली पाहिलं, वर पाहिलं, आणि म्हणाली, “ऑगस्टात शिबिर हाय, मग थंडीत स्पर्धा. मे महिना मोकळा हाय माझा.”

काळूरामशेठ पुढे झाले. “सायेब, एक विचारतो. तुमच्याकडचे हलदीला मटण खात्यात का?”

“मी खातो,” मागून श्रीनाथराव म्हणाले. सरोजिनीबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की तीस वर्षांचा संसार त्या एका नजरेत उलगडून पुन्हा घडी घातला गेला. पण त्या हसल्या, गाव हसलं, बँजो सुरू झाला.

त्या गलक्यात मृणाली आल्हादच्या अगदी जवळ सरकली. फुलांचा वास, तिचा श्वास... तिने खांद्यावरची भली मोठी बॅग उतरवून पट्टा त्याच्या हातात दिला आणि कानाशी हळूच म्हणाली, “माझं एक काम करशील?”

“काय वाट्टेल ते.”

“ही घरी नेऊन उन्हात उघडी टाक. पॅड, मोजे सगळं ओलं हाय आत. लई वास मारतंय.”