साडेपाच सेंटिमीटर

जेवणाच्या टेबलावर पहिलं ओलं वर्तुळ उमटलं, तेव्हा ओटिलीला आला तो राग. रेगेन्सबुर्गमध्ये चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलेली बाई ती. गिऱ्हाईक शिंकलं तरी "तोंडावर हात!" म्हणून दटावणारी. तिच्या पॉलिश केलेल्या टेबलावर ओला पेला ठेवायची हिंमत गावात कुणाची नव्हती.

"कुणी ठेवला इथे पेला?" तिने मोठ्याने विचारलं.

उत्तर द्यायला घरात कुणी नव्हतं. धाकटा भाऊ किलियान याला आदल्याच दिवशी पुरलं होतं, आणि वर्तुळ बरोबर त्याच्या खुर्चीसमोर होतं. घड्याळात सकाळचे अकरा वाजले होते.

तिने फडक्याने पुसलं. गेलं नाही. लिंबू, राख, स्पिरिट, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पहिल्याला चिकटून दुसरं वर्तुळ आलं. तिसऱ्या दिवशी तिसरं. शेजारीण रोसविताने नाक खाली नेऊन हुंगलं आणि म्हणाली, "ओटिली, ही तर बियर गं!"

"या घरात बियर येत नाही," ओटिली म्हणाली. "वीस वर्षांपूर्वी मी त्याला सांगितलंय, पुरे."

आता हे 'पुरे' म्हणजे ओटिलीचा आवडता शब्द. किलियानची सिगारेट पुरे झाली ती तिच्यामुळे. परगावच्या एका शिंपिणीशी त्याचं जमत आलं होतं, तेही पुरे झालं ते तिच्यामुळेच. बिचारा हॉप्सचा व्यापारी. बियरला कडवटपणा देणारी ती बोंडं घेऊन शहरोशहरी फिरायचा आणि घरी आला की दूध प्यायचा. शेवटची फेरीही तशीच झाली. म्युनिक, साल्झबुर्ग, बाम्बेर्ग, कलोन करून परतला, दूध प्यायला, झोपला, तो उठलाच नाही.

ओटिलीने मोजपट्टी काढली. वर्तुळाची रुंदी साडेपाच सेंटिमीटर. रांग किलियानच्या खुर्चीपासून निघून सरळ तिच्या खुर्चीकडे येत होती. एकूण बत्तीस वर्तुळं मावणार होती. बत्तिसाव्यानंतर काय, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही. चोविसावं उमटलं त्या दिवशी तिने बॅग भरली.

"कुठे निघालीस या वयात?" रोसविताने विचारलं.

"साडेपाच सेंटिमीटर बुडाचा पेला शोधायला. कुठल्या तरी गुत्त्यात त्याने काहीतरी अर्धवट टाकलेलं आहे. ते संपवून येते. तू झाडांना पाणी घाल आणि वर्तुळं मोज."

म्युनिकच्या बियर हॉलमध्ये सकाळीच बँड चालू होता. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे पेले लोखंडी जाळीच्या कपाटात कुलूपबंद ठेवलेले. दोन्ही हातांत मिळून दहा पेले आणणारी वाढपीण ओटिलीची मोजपट्टी पाहून थबकली. "बाई, इथे लोक पितात. मापं शिंपी घेतो."

"बूड दाखवा," ओटिली म्हणाली. दहा सेंटिमीटरच्या वर. नाही.

साल्झबुर्गला साधूंच्या मठातला हॉल. तिथे फळीवरून दगडी पेला आपणच उचलायचा, गार पाण्याच्या कुंडात विसळायचा आणि पिंपापाशी न्यायचा. ओटिलीने तीन पेले विसळले, तीन मोजले. नाही. पिंपावरचा म्हातारा म्हणाला, "किलियानच्या बहीण का तुम्ही? तो तुमचं फार नाव काढायचा."

"काय म्हणायचा?"

म्हातारा पिंपाच्या तोटीकडे बघत राहिला. "नाव काढायचा," तो म्हणाला.

बाम्बेर्गची धुरकट वासाची काळी बियर, अर्ध्या लिटरचा पेला. तोही नाही. तिथून तिने फोन लावला तेव्हा रोसविता कुजबुजत बोलली, जणू टेबल ऐकत होतं. "एकोणतीस झाली. तुझ्या खुर्चीपाशी आता तीनच वर्तुळांची जागा उरलीय. आणि ओटिली, ती वाळत नाहीत. पहिलंसुद्धा अजून ओलंच आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने ती कलोनला पोचली. अकराला दहा कमी होते.

हॉलमध्ये गर्दी होती. ती बाकावर टेकते न टेकते तोच निळ्या एप्रनमधल्या टकल्या वाढप्याने तिच्यापुढे पुठ्ठ्याची चकती फेकली आणि तिच्यावर बियरचा पेला ठेवला. उंच, सरळ, नाजूक.

"मी मागवलेला नाही."

"इथे मागवायचं नसतं पोरी. थांबवायचं असतं. पुरे झालं की चकती पेल्यावर झाकायची. तोवर हा ड्रिकेस आणत राहणार."

"पोरी? मी एकाहत्तर वर्षांची आहे."

"मग फारच उशीर केलास यायला."

ओटिलीने पेला उचलून मोजपट्टी लावली. साडेपाच. सवयीप्रमाणे तिने पेन्सिलीने चकतीवर ते लिहून ठेवलं, तिच्या औषधाच्या बाटल्यांवरच्या त्याच ठसठशीत अक्षरात: ५.५ सेंमी.

"किलियान कुठे बसायचा?"

ड्रिकेसचा चेहरा बदलला. त्याने हनुवटीने कोपरा दाखवला. एकच खुर्ची, छोटं टेबल. हॉलमध्ये लोक उभ्याने पीत होते, पण तिथे कुणी बसलं नव्हतं.

"शेवटच्या खेपेला गाडीसाठी उठला," तो म्हणाला. "पेला उघडाच. मी म्हटलं, अरे झाक की. तर हसला. म्हणाला, घरी जन्मभर माझा पेला दुसरंच कुणीतरी झाकतं. इथे राहू दे उघडा."

"आणि तू?"

"मी आणत राहिलो. रोज अकराला. भरलेला ठेवतो, रिकामा उचलतो."

"पितं कोण?"

"मी पाठ फिरवतो. वाढप्याने तेवढं करावं."

तेवढ्यात अकराची घंटा झाली. ड्रिकेसने कोपऱ्यातल्या टेबलावर पेला ठेवला आणि खरंच पाठ फिरवली. ओटिली आपली चकती हातात घेऊन उठली.

"ए पोरी! दुसऱ्याचा पेला झाकायचा नसतो. बायकोसुद्धा झाकत नाही इथे."

"बायको त्याला नव्हती. मी होते."

"मी सांगतोय, नको."

"का? काय होतं?"

"मला काय माहीत? आजवर कुणी झाकलेला नाही."

ती टेबलापाशी पोचली. खुर्ची जराशी मागे सरकलेली होती, माणूस बसल्यावर असते तेवढी. पेल्यातला फेस खाली चालला होता.

मग बियरही.

सावकाश. घोटाघोटाने. मध्ये दम घेत.

ओटिलीला तो दम घेणं ओळखीचं होतं. दूध पितानाही तो असाच थांबायचा.

"किलियान," ती म्हणाली, "पुरे."

तिने चकती झाकली.

बियर होती तिथेच थांबली. ड्रिकेस तिच्याकडे न बघता दुसऱ्या टेबलाकडे निघून गेला. तिच्या जागेवर त्याने पुन्हा पेला ठेवला नाही.

घरी आली तर एकोणतीसच वर्तुळं होती, आणि तीही वाळत चालली होती. आठवड्यात टेबल असं लख्ख झालं, की ओटिलीला त्यात स्वतःचं तोंड दिसलं. जिंकलेल्या माणसाचं तोंड. तिने रोसविताला कॉफीला बोलावलं, प्लमचा केक केला, साखर आणायला स्वयंपाकघरात गेली.

परत आली तेव्हा रोसविताने स्वतःचा कप भरून घेतला होता आणि किटली खाली ठेवली होती. घड्याळात अकरा.

"माझा गं?"

"तुला हवीय? मला वाटलं, तुझं झालं." रोसविताने बोट दाखवलं. "झाकलायस की तू."

कपावर पुठ्ठ्याची चकती होती. ओटिलीने ती उचलली. खालून ओली होती. वर पेन्सिलीने लिहिलं होतं, तिच्याच ठसठशीत अक्षरात: ५.५ सेंमी.

"भर," ती म्हणाली.

"अगं, पण ही आली कुठून?"

"भर म्हणते ना!"

रोसविताने भरला. ओटिलीने कप दोन्ही हातांनी धरला आणि संपेपर्यंत खाली ठेवला नाही. जीभ पोळली, तरी नाही.

त्याला आता पाच वर्षं झाली. ओटिली चांगली खणखणीत आहे, रोज बाजारात जाते, भाव करते, लोकांना दटावते. चर्चच्या चहाला कप हातातच धरून उभी असते. लोक म्हणतात, म्हातारी हावरट झाली. म्हणू देत. ती कुठलाही पेला भरलेला खाली ठेवत नाही, आणि प्यायचं थांबवून कुणाकडे वळून बघत नाही.

गोळीसाठी उशाशी पाण्याचा पेला ठेवायची चाळीस वर्षांची सवय मात्र तिने मोडली. गोळी कोरडीच गिळते.