सगळी उत्तरं चुकवणारी विद्यार्थिनी

हे तुम्हाला पटायचं नाही पोरांनो, आधीच सांगून ठेवतो. जिचं आयुष्यात एक गणित चुकलं नव्हतं, अशी एक बाई चुकांच्या वाटेने प्रेमात पडली... आणि तीही मुद्दाम केलेल्या चुकांच्या!

संख्याशास्त्राच्या मॅडम म्हणजे नाकावर माशी बसू न देणाऱ्या. स्टाफरूममध्ये चालू असलेला प्लग एकच. तिथे त्यांचा आणि रसायनशास्त्राच्या सरांचा हात एकदमच पोचला. सर देखणे, हजरजबाबी. नम्र तर इतके, की आपल्या नम्रतेवर तासभर बोलत.

कॉलेजला ऑनलाइन शिकवायला निळा नाहीतर हिरवा, असा दोनांतला एक प्लॅटफॉर्म घ्यायचा होता. प्राचार्यांनी या दोघांनाच तुलनेला बसवलेलं. मॅडमनी निळ्यावर शिकवायचं, सरांनी हिरव्यावर; सत्राअखेर सभेत एक निवडायचा, दुसऱ्यावरचे सगळे धडे पुसायचे.

"तुमचा हिरवा बॅटरी फार खातो वाटतं," मॅडम म्हणाल्या.

"खाल्ल्या बॅटरीला जागतोही," म्हणत सरांनी प्लग सोडला... नजर मात्र नाही.

घसा बसेपर्यंत रेकॉर्ड केलेले आपले धडे पुसले जाणार? मॅडमना ते सहन होणं शक्यच नव्हतं. हिरव्यातले दोष शोधायला त्या खोट्या नावाने सरांच्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून शिरल्या. पहिल्याच चाचणीत बोट घसरलं, उत्तर चुकलं, आणि सरांनी लिहून ठेवलेला निरोप पडद्यावर उमटला: 'चुकलं? बरं झालं. घाई नाही, मी इथेच आहे.'

मॅडम थबकल्या. त्यांना असं कधी कुणी म्हटलंच नव्हतं — त्या चुकल्याच कुठे होत्या! पुढचं उत्तर त्यांनी मुद्दाम चुकवलं. 'पुन्हा? आता तर ओळख झाली आपली.' मग त्याच्या पुढचंही... गाल गरम होईपर्यंत.

सत्र संपता संपता सर जिन्यात आडवे आले.

"मॅडम, तुमच्या विषयातली शंका. डोळे मिटून पर्याय निवडले, तरी काही उत्तरं बरोबर येतातच ना?"

"अर्थात."

"माझी एक विद्यार्थिनी एकही बरोबर देत नाही. सगळी चुकवायला सगळी यावी लागतात हो! आणि एवढी हुशार या कॉलेजात..."

मॅडमची मान ताठच होती. कान तेवढे लाल.

"निरोप बरे लिहिता," त्या म्हणाल्या. "पण... संपले ते."

"नवे लिहीन की. जन्मभर. घाई नाही, मी इथेच आहे."

मग आली ती सभा. मॅडम उठल्या, अभिमान बासनात गुंडाळला आणि म्हणाल्या, "माझे धडे पुसा. हिरवाच घ्या!" टाळ्या अशा पडल्या की छताचे पंखे उलटे फिरले, प्राचार्य खुर्चीसकट—

"थापा!" दारातून आवाज आला. संख्याशास्त्राच्या मॅडमच त्या. केस पांढरे, मान तशीच ताठ. "मी निळ्यालाच मत दिलं होतं. नेटवर्क नसलेल्या पोरांच्या फोनवर तोच चालायचा. आणि 'माझे धडे पुसा' म्हणून सगळ्यांच्या आधी हात वर केला तो या हिरव्यावाल्या सरांनी... ते बरं सांगत नाहीत कुणाला!"