सतरा नंबरची शेळी

साहेब, ती शेळी तुम्ही मारलीत. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा खुर्चीत बसून, चहाचा घोट घेता घेता, एका ओळीच्या हुकमानं. दुसऱ्यांदा कुलूप लावून. आणि वर बोट कुणाकडं दाखवलंत, तर ब्रश धरणाऱ्याकडं! तुमच्या फायलीत न बसणारी गोष्ट आहे ही. तिच्यात प्रेम आहे. तेवढं तुम्हाला सोसावंच लागेल.

क्रांती चौकातून रिक्षा केली की दहा मिनिटांवर तुमच्या ताब्यातली झुकझुक बाग. आत मुलांची आगगाडी, तिच्या वाटेवर एक बोगदा, आणि बोगद्याच्या डाव्या भिंतीला बोटभर रुंदीच्या उभ्या फटी. अठ्ठेचाळीस. प्रत्येक फटीमागं एक चित्र, चित्रावर दिवा. चालत गेलात तर नुसत्या शेळ्याच शेळ्या. पण गाडीत बसून गेलात की अठ्ठेचाळीस चित्रांची मिळून एकच शेळी होते. ती पळत येते, कुंपणावरून उडी घेते, बाकावर पेंगणाऱ्या म्हाताऱ्याची टोपी दातात धरते आणि... खाऊन टाकते! दहा सेकंदांचा खेळ. पडदा नाही, मशीन नाही. चाळीस वर्षांपूर्वी एका ड्रॉइंगच्या मास्तरांनी हातानं रंगवलेला.

हिमानीनं तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती सहा वर्षांची होती. आता सव्वीसची झाली, वाळूजच्या कंपनीत यंत्रांचे नकाशे काढते, पण रविवार बागेचाच. आधी गोजरबाईच्या गाड्यावरची शेळीच्या आकाराची शंकरपाळी. कान आधी खायचे, पोट शेवटी. मग गाडीच्या तीन फेऱ्या. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी लोक फटी पाडलेल्या डब्यात चित्रांची पट्टी घालून गरगर फिरवायचे आणि चित्रं चालायला लागायची, तिथपासूनचा सगळा इतिहास तिला तोंडपाठ. ऐकणारा कुणी नव्हता, ती गोष्ट वेगळी.

फेब्रुवारीत रंगकामासाठी दोन आठवडे बंद असलेली गाडी सुरू झाली, त्या रविवारी ती गाडीत बसली. बोगदा आला. शेळी आली... आणि उभीच राहिली. स्टुडिओत फोटो काढायला आल्यासारखी, छान चकचकीत, जागच्या जागी. म्हाताऱ्याची टोपी म्हाताऱ्याच्या डोक्यावरच.

गाडी पुरती थांबायच्या आत हिमानीनं उडी मारली.

"कुणी केलं हे? कोण तो गाढव?"

तिकीट खिडकीपाशी शिडीवर एकजण पाटी रंगवत होता. तो वळला. उन्हानं रापलेला चेहरा, भुवईवर पांढऱ्या रंगाचा ठिपका, आणि हसणं असं की... पण तिला आत्ता हसणं बघायचं नव्हतं.

"गाढव नाय मॅडम, शेळी. मीच केली. शिवराज नाव माझं. आवडली का?"

"आवडली? मुडदा पाडलात तुम्ही तिचा!"

"आयला!" तो दोन पायऱ्या खाली आला. "बारा दिवस खपलोय वो. जुन्या मास्तरांचा हातच वाकडा. सतरा नंबरमधी मान बघा, उंटासारखी! एकोणीसमधी चारी पाय एका जागी गोळा. करमाडला आमच्या घरी बारा शेळ्या हायत. शेळी कशी असती ते मला नका सांगू."

"उभी शेळी कशी असते ते माहितीये तुम्हाला. गाडीत बसून बघितलं होतं का एकदा तरी?"

"गाडी बंद होती, रंगकाम होईस्तोवर."

"आणि लहानपणी?"

"लहानपणी मला करमाडवरनं इथं कोण आणणार?"

तो हे सहज बोलला. हिमानीनं पिशवीतून एक जाड वही काढली. तीन वर्षांपूर्वी दर सोमवारी, बाग बंद असताना, गाडी चालवणाऱ्या बन्सीकाकांच्या परवानगीनं बोगद्यात बसून तिनं सगळी चित्रं पेन्सिलीनं उतरवली होती. एका पानावर एक.

"अंगठ्याखालून पानं सोडा. भरभर."

त्यानं पानं सोडली. शेळीनं उडी मारली. त्यानं पुन्हा सोडली. मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा सोडताना त्याचं हसणं पार मावळलं होतं.

"ती मान," हिमानी म्हणाली, "ती चूक नव्हती. ती उडी होती. एका क्षणापुरती लांब होते. डोळ्याला दिसत नाही, नुसती... जाणवते."

शिवराज शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. शर्टाच्या खिशातून त्यानं घडी घातलेला कागद काढला. 'बोगद्यातील सर्व चित्रे एकसारखी व सुबक करावीत.' खाली लफ्फेदार सही.

"मी इचारलं होतं, सगळी एकसारखी? साहेब म्हणले, लिहिलंय तसं कर, डोकं चालवू नको. मी बी मोठा शाना. एक देखणी शेळी काढली न् तीच सगळीकडं गिरवली."

हिमानीनं कागद दोनदा वाचला. राग गेला नाही. नुसता वळला, शिडीकडून तुमच्या केबिनकडं. कारण साहेब, एवढंच सांगा, तुम्ही तरी बसला होतात का त्या गाडीत?

पुढच्या सोमवारी बन्सीकाकांनी बोगदा उघडून दिला. हिमानीच्या कंपनीला रविवारला जोडून सोमवारचीही सुट्टी. फटींची भिंत आणि चित्रं यांच्यामधली जागा हातभर. तो रंगवायचा, ती वही धरून उभी राहायची, आणि कुणी जरा हललं तरी दुसऱ्याच्या बाहीला रंग लागायचा.

"मान अजून लांब."

"अजून? जिराफ व्हईल."

"होऊ द्या."

"तुम्ही लई रागावता. चित्राला रागावता का मला?"

"दोघांना."

"मग चित्राचं जरा कमी करा. बिचारं घाबरतंय."

तिनं हसू दाबलं. अंधार होता म्हणून बरं.

तिसऱ्या सोमवारी चौदा नंबरपाशी तो थांबला. "हितं तुमचं चुकलंय."

"माझं? मी जसंच्या तसं उतरवलंय!"

"उडी घ्यायच्या आधी शेळी कान मागं टाकती. तुमच्या वहीत कान उभे हायत."

"म्हणजे आता तुम्ही मास्तरांनाही शिकवणार?"

नखानं त्यानं स्वतःचाच नवा रंग हळूच खरवडला. पापुद्रा निघाला, आणि खाली मास्तरांची जुनी रेघ दिसली. कान मागं टाकलेला. मास्तर बरोबर होते, शिवराज बरोबर होता. चुकली होती ती हिमानीच. वीस वर्षं बघून, हातानं उतरवूनसुद्धा.

"बोला आता," तो म्हणाला.

"...करा कान मागे."

"असं नाय. नाव घेऊन सांगा."

"मी कुणाचं नाव घेऊन काम सांगत नाही."

"मग ऱ्हाऊ द्या उभेच."

हिमानीनं वहीचं पान उलटलं, पुन्हा मागं आणलं.

"शिवराज," ती भिंतीकडं बघत म्हणाली, "कान मागे करा."

"जी," तो म्हणाला. एवढंच. पण त्या दिवशी त्याच्या हातून दोनदा ब्रश पडला.

पाचव्या सोमवारी शेवटचं चित्र झालं. बन्सीकाकांनी दोघांसाठीच गाडी काढली. डबा मुलांचा, गुडघे हनुवटीला टेकलेले. बोगदा आला. शेळी पळत आली, कान मागं टाकले, मान लांबली आणि... गेली कुंपणावरून! टोपी गट्ट!

पहिल्या फेरीला शिवराज फटींना डोळे लावून बसला. दुसऱ्या फेरीला एवढ्यानं हसला की बन्सीकाका मागं वळून बघायला लागले. तिसऱ्या फेरीला त्याचा हात तिच्या मनगटावर होता आणि दोघांनाही तो दिसत नव्हता.

"हे मी काढलं?"

"आपण."

"हिमानी... मला तुम्हाला एक—"

गाडी उजेडात आली. बन्सीकाकांनी दणकून शिट्टी वाजवली. मनगट सुटलं.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

उद्या तुमचं कुलूप आलं. बोगद्याच्या तोंडावर नोटीस: 'चित्रकाराच्या हलगर्जीपणामुळे चित्रे खराब झाल्याने ती काढून तेथे डिजिटल पडदे बसविण्यात येतील.' खराब! एकदा तरी आत जाऊन बघितलं असतंत, तर टोपी सांभाळत बाहेर आला असतात! आणि संध्याकाळी शिवराजला तुमचा फोन. चित्रं माझ्यामुळं बिघडली असं लिहून दे, सही कर, मग होणाऱ्या नव्या बागेचं सगळं रंगकाम तुझं.

बुधवारी गोजरबाईच्या गाड्यापाशी त्यानं हिमानीला हे सांगितलं.

"केली सही?"

"नाय अजून."

"अजून?"

"तुम्ही रागावणार..."

"रागावलेच आहे!"

"दोन वर्षांचं काम हाय. नाय केली तर पुन्हा दुकानांच्या पाट्या. मग तुमच्या घरी मी काय तोंडानं—" तो थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"माझ्या घरी? कशाला?"

"काय नाय."

हिमानीनं हातातली शंकरपाळी तशीच कागदावर ठेवली. "हे बघा. ते खोटं लिहून देऊन आलात, तर दारातूनच परत पाठवीन. पाट्या रंगवत आलात, तर... तर बघू."

"तर बघू म्हंजे?"

"तर बघू म्हणजे तर बघू!"

"अगं बाई, हो म्हण की सरळ!" गोजरबाई झाऱ्यानं तेल निथळवत ओरडली. "माझी कढई जळायला लागली तुमच्यापायी!"

गुरुवारी दोघं तुमच्या केबिनमध्ये आले. तुम्ही टाईप केलेला कागद पुढं सरकवला, वर पेन ठेवलं. शिवराजनं पेन उचलून बाजूला ठेवलं आणि तुमच्या कागदाशेजारी तो घडीचा कागद उघडला.

"साहेब, हे तुमच्या हापिसातलं. 'एकसारखी' असं लिहिलंय. मी तेच केलं. चुकलो, कबूल. मग पाच सोमवार खपून दुरुस्त बी केलं. शेळी उडी मारती, चला दाखवतो. पण सगळी चूक माझी म्हणून सही मागताल, तर ती नाय व्हायची."

तुम्ही कागदाकडं पाहिलंच नाही. तुम्ही हिमानीकडं पाहिलंत. वरपासून खालपर्यंत.

"आणि या कोण? यांचा काय संबंध?"

"ह्या..." शिवराज अडखळला. अख्खा बोगदा रंगवणाऱ्याला एक शब्द सापडेना. "ह्या माझ्या..."

"होणारी बायको," हिमानी म्हणाली. "त्यांनाही आत्ताच कळतंय."

वर पंखा करकरत होता. शिवराजनं तिच्याकडं बघितलं, आणि तुमच्या टेबलासमोर, तुमच्या शिपायासमोर, त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला आवर घालायचं त्याच्या मनातही आलं नाही.

"व्हय साहेब," तो म्हणाला. "कळलं मला. लई बेस."

हिमानीनं पुढं वाकून त्या घडीच्या कागदावर बोट ठेवलं, बरोबर लफ्फेदार अक्षरांवर. नखाखाली अजून तपकिरी रंग होता.

"तुम्ही विचारलंत, आम्ही सांगितलं. आता आम्ही विचारतोय. ही सही कुणाची आहे? खाली नका बघू, साहेब. बोला."