बियाण्याच्या खोलीतलं रक्त

फौजदारबाईंनी पांढरा दिवा लावला आणि मागून आलेला हवालदार दोन पावलं मागं सरला.

समुद्रशेवाळाच्या बियाण्याची ती बिनखिडकीची खोली. फळ्यांवर काचेच्या बाटल्या. खाली शेवाळशेतीचे मालक पालथे पडलेले, कवटी मागून फुटलेली. शेजारी होडीचा लोखंडी नांगर, दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा जड, त्याला केस चिकटलेले. फरशी नीट पुसलेली होती. भिंतीच्या पांढऱ्या टाइल्सवर मात्र फडक्याचे लालभडक फराटे पार खांद्याच्या वर गेले होते. मोरीपाशी अकरा बाटल्या रिकाम्या पडल्या होत्या.

"खुनी सापडलाय, बाई," हवालदार म्हणाला. मालकांच्या धाकट्या भावाला, म्हणजे इथल्या पाणबुड्याला, त्यानं बेड्या घातल्या होत्या आणि वर दोन मुस्काटातही दिल्या होत्या. "काल सगळ्यांदेखत मालकांना म्हणाला, तुला बुडवून मारीन."

"दर महिन्याला म्हणतो मी," पाणबुड्या रक्त थुंकत म्हणाला. "भाऊ आहे तो माझा."

बोलेल तो करेल काय! पण हवालदाराला आयता बकरा मिळाला होता, आणि बाईंनी तोंड उघडलं नसतं तर त्या बिचाऱ्याची जन्मठेप ठरलेलीच होती.

मालकांची मुलगी दारात रडत उभी होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला.

"या खोलीत कोण कोण येतं?" बाईंनी विचारलं.

"बाबा, मी आणि माझा नवरा. बी तोच तयार करतो. समुद्र तापला की शेवाळ कुजतं. गरम पाण्यात तगेल असं वाण काढायला तो आठ वर्षं झटतोय."

"तगलं?"

"यंदाही कुजलं. बाबा म्हणाले, पुरे झालं, सगळ्या बाटल्या मोरीत ओततो."

"आणि काका येत नाहीत?"

"काका आला की आधी पांढरा दिवा लावतो आणि बाबांच्या शिव्या खातो. इथं फक्त लाल दिवा चालतो. पांढऱ्या उजेडात बी वेळेआधी पिकतं, मग वाण हातचं जातं."

तेवढ्यात जावई पुढं झाला. "तुमचं बघून झालं असेल तर तो दिवा घालवा ना."

सासरा पायाशी मरून पडलाय आणि याला दिव्याची पडलीय!

"घालवते," बाई म्हणाल्या.

खोली लाल झाली. भिंत स्वच्छ दिसू लागली.

"अहो, रक्त गेलं कुठं?" हवालदार ओरडला.

"जागच्या जागी आहे. लाल उजेडात पांढऱ्या टाइलवर ताजं रक्त दिसत नाही. फरशीवरचं थारोळं चकाकत होतं, म्हणून ते पुसलं गेलं. भिंतीवर खुन्यानं अंदाजानं फडकं फिरवलं आणि होतं ते रक्त पसरवून ठेवलं." त्यांनी पांढरा दिवा पुन्हा लावला. "माणूस मारल्यावरसुद्धा ज्याचा हात या बटणाकडे गेला नाही, त्याला जिवापेक्षा बी प्यारं होतं. काकांनी आल्या आल्या हेच बटण दाबलं असतं. मुलीला एका हातानं नांगर उचलवणार नाही. उरलात तुम्ही, जावईबापू."

जावई नांगराकडे झेपावला. हवालदारानं त्याला पोटात गुडघा घालून भिंतीवर आपटलं.

"अकरा ओतल्या त्यांनी!" तो किंचाळला. "बारावी हातात होती! पाया पडलो, अजून एक उन्हाळा द्या म्हणालो!"

मुलगी जवळ गेली आणि तिनं प्लास्टरचा हात सगळ्या ताकदीनिशी त्याच्या तोंडावर हाणला. प्लास्टर तडकलं. ती वेदनेनं खाली बसली आणि बापाच्या पाठीवर डोकं ठेवून हंबरडा फोडू लागली.

हवालदार ओशाळून पाणबुड्याकडे वळला. "चुकलंच माझं..."

"माफी नंतर मागा," पाणबुड्यानं मनगटं पुढं केली. "आधी हे काढा. पोरीला धरायला कुणी उरलं नाही."