जांभळा कान

विमलानं त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो एका पायावर उड्या मारत होता.

चौऱ्याहत्तरचा चैत्र. ताडकळसला मास्तरीण म्हणून रुजू होऊन तिला जेमतेम आठवडा झालेला. शाळेची पायवाट आश्रुबाच्या विहिरीवरनं जायची आणि तिथं, कडुलिंबाच्या मोहोराखाली, एक उंच ओलाचिंब माणूस मान कलती करून, कानावर थापा मारत लंगडी घालत होता.

विमलाला हसू आवरेना.

"हसायलात काय बाई? कानात पाणी गेलंय."

"मला वाटलं, लंगडी खेळायलात. गडी कमी पडला असंल तर येऊ का?"

"या की... पण राज्य तुमच्यावर!"

तो सूर्यभान. तिच्याच शाळेतला खेळाचा मास्तर. सकाळी तास-दीड तास पाण्यात उभा राहून पोरांना पोहायला शिकवायचा. दुसऱ्या दिवसापासनं विमला घरातून दहा मिनिटं आधी निघायला लागली. तोही, का कोण जाणे, दहा मिनिटं आधीच पाण्याबाहेर यायला लागला. मग शाळेपर्यंत सोबत. त्याच्या डाव्या हाताला सायकल, उजव्या अंगाला विमला.

चालता चालता तो काडेपेटीतली काडी कानात फिरवायचा. "लय खाजतंय हो."

विमलाच्या जिवाला घोर. तिनं आईकडनं लसूण घालून कढवलेलं करडईचं तेल मागून घेतलं, अत्तराच्या रिकाम्या कुपीत भरलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. "रोज दोन थेंब. विसरायचं नाही."

"तुम्ही सांगितल्यावर विसरंन?" त्यानं कुपी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि वरून एकदा चापपली. त्या चापपण्यावर विमलाचा सगळा दिवस गेला.

पंधरा दिवसांनी बघते तर त्याचा उजवा कान जांभळा!

"हे काय?"

"दवाखान्यात गेलतो. अंबिका सिस्टरनं औषध लावलं."

अंबिका सिस्टर... नुसत्या नावानं विमलाच्या तोंडाची चव गेली. नर्स नवी होती. पांढरीशुभ्र साडी, मनगटावर घड्याळ, हसली की गालाला खळी. सूर्यभान मंगळवारी गेला. शुक्रवारी गेला. पुन्हा मंगळवारी! एवढं काय असतं एका कानात?

बाजाराच्या दिवशी विमला मुद्दाम दवाखान्याच्या खिडकीवरनं गेली. सूर्यभान स्टुलावर बसलेला, आणि त्या बाईनं त्याचा कान धरलेला — चिमटीत! ती ओढत होती, काहीतरी विचारत होती आणि तो... तो हसत होता.

त्या दिवशी विमलानं शेरभर कारली आणली. घरात कारली कुणी खात नव्हतं.

गुरुवारी तिनं ठरवलं, सांगूनच टाकायचं. बघू काय म्हणतो. वाटेनं चालता चालता, उसनं हसू आणून ती म्हणाली, "रविवारी मानवतचे पाहुणे यायलेत. मला बघायला."

तो तिच्याकडं बघून हसला. "हो का? चांगलं झालं की!"

चांगलं झालं... विमलानं झपाझप पावलं टाकली.

शाळा सुटल्यावर ती तडक दवाखान्यात गेली. निदान जवळून बघावी तरी, असं काय आहे तिच्यात. "डोकं दुखायलंय," ती म्हणाली. ते काही खोटं नव्हतं.

अंबिकानं तिच्या कपाळाला हात लावला. बोटं जांभळी. "ताप नाही. तुम्ही मास्तरीणबाई ना? मग तुमच्या त्या खेळाच्या मास्तरांना जरा समजवा बाई."

"माझे कशानं?"

"अहो, म्हणजे शाळेतले! पोहून पोहून कान ओला राहिला, वर काडीनं कोरला. पाळी ओढली तरी कळ येते. डॉक्टरांनी दिवा लावून बघितला, पडदा शाबूत आहे. पाण्यातनं आलं की मान कलती करून पाणी काढायचं, बाहेरनं कोरडं पुसायचं, आत काही घालायचं नाही, बरं होईपर्यंत विहीर बंद — सगळं ऐकतात. पण तेल काही सोडत नाहीत! आधीच ओल, वर तेल... बुरशीला आयतं माहेर. मी कान साफ करते, हे घरी जाऊन पुन्हा दोन थेंब! कुणी दिलं विचारलं की नुसते हसतात. कुपी फेका म्हटलं की खिशावर हात ठेवतात."

विमला डोकं दुखायचं विसरली.

"आता उजव्या कानानं काही ऐकू येत नाही त्यांना. बसा भोगत!"

"उजव्या?"

उजव्या. रोज ती उजव्या अंगानं चालत होती.

शुक्रवारी सकाळी सूर्यभान विहिरीच्या काठावर कोरडाच बसून पोरांना सूचना देत होता. विमला आज त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"कुपी द्या."

त्याचा हात खिशावर गेला. "न्हाई देत."

"अहो, माझ्या तेलानंच कान बिघडलाय!"

"ठाऊक हाय. सिस्टर दर खेपेला ओरडायलेत."

"मग?"

"तुम्ही रोज विचारायच्या, तेल घातलं का म्हणून... न्हाई कसं म्हणू?"

विमलाचे डोळे भरून आले, आणि रागही आला. "काल मी काय सांगितलं तुम्हाला?"

"खरं सांगू? ऐकूच आलं न्हाई. तुम्ही हसत होता, म्हणून चांगलं म्हणालो."

ती वाकली. त्याच्या डाव्या कानाशी सावकाश म्हणाली, "रविवारी मानवतचे पाहुणे येणारेत. मला बघायला."

त्याचा चेहरा उतरला. विहिरीत पोरं आरडत होती, ते त्याला दोन्ही कानांनी ऐकू येईना.

"रविवार... म्हणजे परवा," तो म्हणाला. "मग माझी माय उद्याच आली तर? चालंल?"

"चालंल," ती डाव्या कानात म्हणाली. मग उजव्या कानात आणखी काहीतरी म्हणाली. काय, ते त्यानं लय विचारलं. तिनं सांगितलं नाही.

कुपीतलं तेल कडुलिंबाच्या बुडाशी गेलं. शनिवारी दवाखान्यात औषध सिस्टरनं दाखवलं तसं विमलानं लावलं — कापसानं, अलगद. सिस्टर खळी पाडून बघत होती आणि विमलाला त्या खळीचा आज जराही राग आला नाही. बरं, थोडासा आला.

संध्याकाळी सूर्यभान आपल्या आईला, सुलाबाईंना घेऊन आला. जयभीम झाला, पाणी झालं. विमलाची आई चांगुणाबाई चहा ठेवायला उठली, आणि उठता उठता थांबली. तिनं एकदा पाहुण्याच्या जांभळ्या कानाकडं बघितलं, एकदा लेकीच्या जांभळ्या बोटाकडं.

"तेल कुणाला गं, असं मी विचारलं तर मैत्रिणीला म्हणालीस!"

विमलानं बोट पदरात लपवलं.

"मानवतला निरोप धाडते, येऊ नका म्हणावं," चांगुणाबाई म्हणाली, आणि चुलीकडं जाता जाता वळून विचारलं, "साखर किती घालू, विहीणबाई?"